पाऊणपट

साखरीनाट्याच्या जेटीमागे माझं दुकान, दहा बाय बारा.
इथे मिठाने खाल्लेले वायरलेस येतात,
मासे दाखवणारे पडदे येतात, मासे न दाखवणारे.
भंगारात काढलेल्या एका लाँचचा जीपीएस रिसीव्हर
हमीद होडेकरने बिलाच्या बदल्यात टेबलावर ठेवला,
तिथून हे सुरू झालं.
बाकीचं कोल्हापुरात मिळालं, किलोच्या भावाने:
मोडीत निघालेल्या टेलिफोन एक्स्चेंजचा ऑसिलेटर,
आगपेटीहून थोडा मोठा,
पोटात स्वतःची शेगडी घेऊन बसलेला स्फटिक.

सेकंदाला एक कोटी ठोके.
बरोब्बर एक कोटी,
एवढंच हवं होतं मला.
कशाला, ते शर्मिलाने दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा चहा ठेवून गेली.

स्फटिकाचा स्वभाव असा की
या क्षणापासून पुढच्या क्षणापर्यंत त्याच्याइतकं स्थिर कुणी नाही,
पण महिन्याभरात कधी सरकला
ते त्याचं त्याला कळत नाही.
वरून येणारा ठोका उलटा:
दर वेळी जरा अडखळतो,
वीस नॅनोसेकंद आधी, तीस उशिरा,
पण वर्षभर ऐका, वाट सोडत नाही.
दोघांच्या मध्ये मी तीनशे रुपयांची चिप बसवली.
तिला सांगितलं, फरक मोजत राहा,
लगेच ओरडू नकोस,
हजार सेकंद जाऊ देत,
मग याचा कान हलकेच पिळ.

अँटेना कौलांवर, स्टीलच्या ताटात स्क्रूने बसवलेला.
ताटावर कोरलंय, "चि. शर्मिलास, पोमेंडीच्या मावशीकडून".
माडांच्या झावळ्यांतून जेवढं आकाश उरतं
तेवढ्यात सात उपग्रह, कधी नऊ.

आलेख मात्र रोज साडेअकराला खचायचा.
कोड तपासला. सोल्डर पुन्हा केलं.
सप्लाय बदलला, मग एमएसईबीला शिव्या दिल्या.
तीन आठवडे.
एका दुपारी टेबलावरची पावती उडाली
आणि मी तशीच उडू दिली,
कारण साडेअकरा वाजले होते.
मतलई पडते, दर्यावरचा वारा मागच्या खिडकीतून आत येतो
आणि सरळ त्या शेगडीवर फुंकर घालतो.
एवढंच होतं.
खिडकी बंद केली तर मीच शिजलो असतो.
मग आंब्याची रिकामी पेटी आणली,
पेंढ्यात त्याला हापूससारखा निजवला.
चौथ्या दिवशी रेघ सरळ झाली.
म्हणजे पिकला, शर्मिला म्हणाली.

त्या संध्याकाळी हिरवा दिवा लागला.
हमीदला बोलावलं. पेटीपुढे उकिडवा बसला,
पेंढा बोटाने बाजूला करून पाहिलं.
"चुकतं किती?"
म्हटलं, हजार वर्षांत सेकंदभर, फार तर.
त्याने मान हलवली, इंजिनाची किंमत ऐकून हलवतो तशी.
"मग वाजले किती?"

मी पेटीकडे बघितलं.
ती ठोके देते. एक कोटी, पुन्हा एक कोटी.
कुठल्या दिवसाचे, कुठल्या प्रहराचे,
तिला कुणी सांगितलेलं नाही;
ती वायर मी जोडलीच नव्हती.
अख्ख्या नाट्यात सगळ्यात नेमकं घड्याळ
आणि किती वाजले ते त्याला माहीत नाही.

हमीद हसला नाही.
"आज षष्ठी," म्हणाला. "सहाची पाऊणपट, साडेचार.
साडेचारला भरती झाली, आता पाणी बरंच उतरलंय."
दारातून खाडीकडे बघून घेतलं.
"सात व्हायचेत अजून."
आणि दोर खांद्यावर टाकून गेला.

नंतर लाइट गेली. पंखा थांबला.
बॅटरीवर तो दिवा पिवळा झाला:
उपग्रह नाहीत, आता आठवणीवर चाललंय.
अंधारात पेंढ्याचा वास येत होता.
भिंतीवरचं घड्याळ सेलवर टिकटिकत होतं,
सात मिनिटं पुढे, नेहमीसारखं,
राजापूरची गाडी चुकू नये म्हणून.
ते मी तसंच ठेवलं.