हद्द

खानापूरच्या तालुका पंचायतीत, पंख्याखाली,
मी पहिल्यांदा म्हणाले, "आपण सीमेच्या अगदी जवळ आलोय."
मागच्या बाकावरचे दोघे उठलेच:
"कुणाच्या सीमेच्या? कुठल्या गावाचं बोलताय?"
हिरेमठ साहेबांनी पेनाला टोपण लावलं.
"मॅडम, तो विषय कोर्टात आहे."

दुसऱ्या वेळी सीमा खोडून उंबरठा लिहिलं.
कन्नड तर्जुम्यात त्याचा होस्तिलु झाला
आणि वास्तुशांतीचं आमंत्रण आल्यासारखे
सगळे प्रसन्न हसले.

तिसऱ्या वेळी आलेख नेला.
रेघ चढत जाते, चढत जाते
आणि एका ठिकाणी कागदच संपतो.
"नेमकं कधी?"
"नक्की नाही सांगता येत."
लिहून घेणाऱ्यानं लिहिलं: नक्की नाही.
एवढंच. दोन भाषांत, शिक्क्यासकट.

बस चुकली. सातेरी कुंभाराच्या अंगणात
उलट्या मडक्यांच्या रांगेशेजारी बसले.
"काय सांगुलालीस गे त्यांना?"
मी सांगितलं:
कणकुंबीकडचं रान, त्याच्या मुळांशी मुरणारं पाणी.
रान विरळ झालं तर पुन्हा भरतं.
आणखी विरळ झालं तरी भरतं, उशिरा, कुरकुरत.
मग एकदा भरत नाही.
पाऊस आला तरी नाही.
माणसं शहाणी झाली तरी नाही.

तो काही बोलला नाही.
एक कच्चं मडकं उचलून बादलीत सोडलं.
आधी कड मऊ झाली, मग पोट बसलं,
मग नुसता गाळ.
"हे उद्या परत चाकावर."
मग आव्यातलं एक भाजलेलं खापर टाकलं
आणि आम्ही दोघं बादलीत बघत राहिलो.
कावळा येऊन गेला. दुसरी बसही गेली.
खापर खापरच.

"कितव्या लाकडाला होतं हे?"
तक्त्याचा एक रकाना माझ्या डोक्यात अजून रिकामा होता.
"लाकडं मी मोजतो गे. मातीला मोजता येत नाही.
आवा उघडला की कळतं.
तेव्हा कळून काय उपयोग?"

चौथ्या बैठकीला बादली नेली.
शिपाई बसलिंगनं खाली जुना पेपर अंथरला, फरशी खराब नको म्हणून.
मी एक शब्द बोलले नाही.
विषय क्रमांक सात, गटाराचा, चालू असताना
मडकं बसलं.
गटार तिथेच थांबलं.

मागच्या बाकावरच्या त्या दोघांतला एक
पुढं आला, वाकून बघत म्हणाला,
"आता आम्ही कच्चे काय पक्के?"

"नक्की नाही," मी म्हणाले.
"म्हणूनच आले."

लिहून घेणाऱ्याचं पेन
नक्की या शब्दापर्यंत आलं,
आणि पुढं काय लिहायचं ते विचारायला
त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.