जुनी खाच

लॅमिंग्टन रोडवरून आणलं ग्राफिक्स कार्ड,
वापरलेलं, पण मुर्तझा म्हणाला, "घोडा आहे."
कन्नमवार नगरात येऊन घोडा लंगडला.
गेममधला माणूस उडी मारायचा
आणि हवेतच विचार करत राहायचा.

ड्रायव्हर काढले, परत घातले.
रॅम पुसली खोडरबराने.
पंख्यातून निघाली
बाबांच्या उदबत्तीची सहा वर्षांची राख.
प्रोसेसरला शिव्या घातल्या,
म्हातारा झालास म्हणून.

रात्री अडीचला ओजस टॉर्च घेऊन मागे वाकला:
"दादा, मॉनिटरची वायर
अजून जुन्याच खाचेत आहे."

म्हणजे दोन आठवडे
पाहुणा घरात बसून होता,
कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.
आणि सगळी चित्रं
तो म्हातारा एकटाच ओढत होता,
माझ्या शिव्या खात.