तारखा

जुलैच्या नऊ तारखेला, दुपारी अडीचला,
घराची घरघर थांबली.
इतकी वर्षं ती चालू होती,
हे ती थांबल्यावर कळलं.

कॉर्पस क्रिस्टीत हवा अंगावर बसते
ओल्या टॉवेलसारखी, मीठ लावून.
मी मुरूडची. मला खाऱ्या वाऱ्याचं काय कौतुक?
पण मुरूडच्या घराला उघडणाऱ्या खिडक्या होत्या.
इथल्या रंगाखाली चिकटून गेल्यात,
सुधन्वाने घर घेतलं तेव्हापासून.

पहिला आला ट्रेंट.
बुटांवर निळ्या पिशव्या, हातात टॅब्लेट,
तोंडात साखर.
सात मिनिटं युनिटपाशी उभा राहिला, मी घड्याळ पाहत होते,
आणि म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, मॅम. सगळंच बदलावं लागेल.
नऊ हजार आठशे. आज सही केलीत तर आठ.

आज.
हा शब्द मी ओळखते.
घटस्फोटाच्या कागदांवरही पिवळी चिठ्ठी होती,
बाण काढलेली: सही इथे, आज.

मिस्टर टिपणीसना विचारायचंय का, त्याने विचारलं.
विचार की. सिएटलला असतात.
तिथे म्हणे एसी लागतच नाही.

शेजारची व्हर्लीन, वय त्र्याऐंशी, कुंपणावरून म्हणाली,
एलिसेओला बोलाव. उशिरा येतो, पण येतो.
व्हॅनवर लायसनचा नंबर आहे, तो तपास.
माझ्या शब्दावर जाऊ नकोस.
मी तपासला.
माणसापेक्षा नंबर तपासणं सोपं.

अकरा तारखेला तो साडेसातला आला, तिन्हीसांजा अजून दूर होत्या.
पॅनल उघडलं आणि मला हाक मारली,
या, बघा.

यंत्राच्या पोटात बघायला
मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं.
तुला नाही कळणार, असं होतं आमच्याकडे.

बॅटरीच्या उजेडात, तांब्याच्या दोन ओठांमध्ये,
मुंग्या.
जळून चिकटलेल्या, मोहरीएवढ्या, शेकडो.
एक मरते, तो म्हणाला, तिचा वास सुटतो,
काय झालं ते बघायला दुसरी येते.
मग तिसरी.
कॉम्प्रेसर ठणठणीत आहे तुमचा.

मला माझ्या बहिणी आठवल्या, त्या महिन्यातले त्यांचे फोन,
एकीमागून एक.
हसू आलं. त्याने कारण विचारलं नाही.

जुना भाग त्याने पावतीच्या आधी
माझ्या तळहातावर ठेवला.
एकशे पंच्याऐंशी डॉलर, मजुरीसकट.

मग म्हणाला, फिल्टर कुठे असतो?
बोळातल्या कपाटाच्या दाराला, आतून,
पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा:
१५ मार्च २१, १५ जून २१, १५ सप्टेंबर.
सुधन्वाचं अक्षर, ओळीत, कुठे खाडाखोड नाही.
माणूस तारखा पाळायचा.
शेवटची १५ मार्च २३.

एलिसेओने आकड्यांवरून बोट फिरवलं,
ही कुठली लिपी?
आमची, म्हटलं.
त्याला ती वाचता येईना. त्याने फिल्टर ओढून काढला,
गोधडीएवढा जाड, राखाडी,
आणि तोच वाचला:
दोन वर्षं. थोडी वरच.

नवा माझ्याकडूनच बसवून घेतला.
बाण आत, हवा जाते तिकडे.
तीन-तीन महिन्यांनी बदला.
आणि एवढ्यासाठी मला बोलावू नका,
उगाच पैसे घेईन मी तुमचे.

तेव्हा कुठे मी त्याला पाणी विचारलं.
इतका वेळ सुचलंच नव्हतं.

घर पुन्हा घरघरायला लागलं.
गेल्यावर बघते तर पेन्सिल राहिली होती
कपाटाच्या फळीवर, सुतारी, चपटी, दाताने चावलेली.

मी लिहिलं, १५ च्या खाली,
११ जुलै २५.
माझा ५ त्याच्या ५ सारखा आला नाही.
शेपूट लांबली, चौकटीवर गेली.
खोडरबर शोधलं नाही.