कोट सांभाळणारी

ब्रनोच्या सभागृहात छत्तीस वर्षं मी कोट सांभाळले.
संगीत माझ्यापर्यंत यायचं ते दोन दारं ओलांडून,
ओल्या लोकरीच्या, डांबरगोळ्यांच्या वासातून,
जेवढं उरेल तेवढं.

विसाव्या वर्षी मला बेथोव्हन कळायचा,
कारण तो दार ठोठावायचा.
नगारे थेट खुंट्यांपर्यंत पोचायचे,
पितळी बिल्ले किणकिणायचे,
आणि वाटायचं, हे माझ्याचसाठी चाललंय,
आता मीही कुणाचं तरी तख्त उलथणार.
हायडन असला की मी मोजे विणायचे.
जेवणाच्या टेबलावर तोच विनोद पुन्हा सांगणारा
कुणाचा तरी काका.

ओल्द्रिख ब्राम्सचा भक्त. घरात ग्रामोफोन एकच,
त्यामुळे भांडण ठरलेलं.
मी म्हणायचे, तुझा हा माणूस
ओव्हरकोट घालूनच जन्माला आला,
वरपासून खालपर्यंत बटणं लावून.
तो म्हणायचा, रोज दोनशे कोट हाताळतेस,
कधी एखाद्याचं अस्तर पाहिलंस?
नव्हतं पाहिलं.
कोट बाहेरूनच घ्यायचा असतो, बाहेरूनच द्यायचा.

तो गेला त्या मार्चमध्ये
त्याचा करडा कोट कुणाला तरी द्यावा म्हणून काढला.
खिशात ट्रामचं तिकीट, अर्धी पेपरमिंट.
कोपराशी अस्तर झिजलेलं, आणि तिथे
माझ्याच हातचा रफू. मी विसरलेला.
रेडिओवर योगायोगाने काही लागलं वगैरे नाही.
रेकॉर्ड मीच लावली.
संथ भागात व्हायोला कुठेतरी खालून
सगळ्यांचं ओझं उचलून चाललेले.
त्या रात्री मी भांडले नाही.

आता एक्क्याऐंशी. डॉक्टर म्हणतात, वरचे स्वर गेले.
पिकोलो गेली, ट्रँगल गेला,
चिमण्याही गेल्या त्यांच्याबरोबर.
बेथोव्हन अजून ठोठावतो;
मी म्हणते, अरे, दार उघडंच आहे.
ब्रुकनर नाही जमला अजून. बघू.

परवा भाची राद्काने आत नेलं, सातव्या रांगेत.
हायडन. काकाने तोच विनोद सांगितला:
मध्येच थांबला,
लोक फसले, चारदोन टाळ्या पडल्या,
आणि मग ती गप्प जागा,
जी मला अजून अख्खी ऐकू येते,
काठोकाठ.
मी एवढ्यांदा हसले की पुढचे दोघे वळून बघायला लागले.

बाहेर बिल्ला दिला, एकशे चौदा.
कोट देणारा पोरगा जांभई देत म्हणाला,
आज काय होतं, आजी? मी मोबाइलवर खेळत होतो.
म्हटलं, खेळ.