ऐकू आलं का

कुवेत सोडून चौथा दिवस.
तीन तास तुम्ही जागे, तीन तास मी,
आणि दोघांत एकच अंथरूण
जे गार होतच नाही.
तुम्ही उठता, मी तुमच्या खळग्यात पडते.
उशीला तुमच्या मानेचा घाम,
घामाला डिझेलचा वास,
आणि दोन मिनिटांत झोप.

सालमियाच्या फ्लॅटमध्ये अठ्ठावीस वर्षं असंच तर होतं.
तुमची गोदीतली रात्रपाळी, माझी सकाळची शाळा.
लिफ्टपाशी डबा द्यायचा, किल्ली घ्यायची,
"गॅस संपत आलाय" म्हणायचं
आणि दार लावून घ्यायचं.
आता तुम्ही म्हणता:
वारा वायव्येचा, अठरा.
डावीकडे दोन टँकर, एक हलत नाहीये.
कुकरमध्ये भात आहे.
मी म्हणते: बरं.

छोटा चमचा परवा भांडी विसळताना पाण्यात गेला.
साखर, मीठ, खोकल्याचं औषध
सगळं आता एका डावाने.
त्यावरून आपण भांडलो, तासभर,
तीस फुटांत,
जिथे रुसून जायला दुसरी खोली नाही.
मी नाळेवर जाऊन बसले, तुम्ही सुकाणूवर.
वारा मागचा होता.
तुमचं पुटपुटणं मला सगळं ऐकू येत होतं,
माझं तुम्हाला एक अक्षर नाही.
हा अन्याय मी वहीत लिहून ठेवलाय,
अक्षांश-रेखांशासकट, तुमच्या नोंदीखाली.

माणशी चार लिटर पाणी.
केस धुवायचा विचारसुद्धा मी दोन दिवस आधी करते.
समुद्राचं पाणी इथे कढत, आमसुलाचं सार व्हावं इतकं खारट,
पाय बुडवला तरी गारवा नाही.
रात्री क्षितिजावर तेलविहिरींच्या ज्वाळा.
बाहेर जाताना गॅस बंद केला होता ना,
असं मला दर वेळी वाटतं.
मध्यरात्री रेडिओवर कुणी खलाशी शीळ घालतो,
कुणीच उत्तर देत नाही त्याला.
काल मी बटण दाबून
कुकरची शिट्टी ऐकवली.
मग बराच वेळ शांत होता बिचारा.

आणि मग शमाल आला.
आधी धूळ आली, समुद्राच्या मधोमध, वाळवंटाची,
दातांत कचकच, शिडाला गेरू.
शीड आखडायला तुम्ही डोलकाठीपाशी गेलात,
मी बोट वाऱ्यावर तोंड करून धरली, जमेल तशी.
बूमचा दोर सुटलेला मला दिसला, तुम्हाला नाही.
"अहो!" मी ओरडले.
"अहो!"
अहो वाऱ्यात टिकत नाही.
नुसता श्वासच तो,
तोंडातून निघतानाच मागे उडून गेला.
"मुकुंद!"

तू खाली बसलास.
बूम तुझ्या टोपीला घेऊन गेला, नुसत्या टोपीला.

लग्नात उखाणा घेताना माझी जीभ अडखळली होती.
सासूबाई म्हणाल्या, ऐकू नाही आलं.
आता आलं असेल. पलीकडे इराणातही.

नंतर तू काहीच बोलला नाहीस त्यावर.
चहा केलास, डावाने साखर घातलीस, जास्तच.
गुडघे थरथरत होते ते माझे की तुझे,
इतके जवळ बसलो होतो की सांगता येईना.
पाळी कुणाची होती तेही विसरलो.
वहीत त्या तीन तासांपुढे
कुणाचंच अक्षर नाही.

खसबला नांगर टाकला तेव्हा सकाळचे नऊ.
उघडेबोडके डोंगर थेट पाण्यात उतरलेले,
धक्क्यावर शेळ्या.
जमीन डुलत होती आणि मी तिला धरून चालत होते.
मलबारी दुकानात कोथिंबीर होती,
मरगळलेली, पण होती.
"अहो," मी म्हटलं, सवयीने,
"घ्यायची का एक जुडी?"
तू चमच्यांच्या डब्यापाशी पाठमोरा उभा होतास,
एक एक उचलून बघत.

वळलाच नाहीस.