मासळीवर दूध

पमाताई बाजार उठवून येते तेव्हा पावणेदोन.
टोपली ओट्याखाली सरकवते, हातांवर लिंबाची फोड चोळते
आणि म्हणते, "मना भूक लागलीय. काय हाय ते वाढ."
काहीच नाही.
भात नाही, कालवण नाही,
सकाळपासून मी फोनकडे बघत बसलेला.

म्हणून पातेल्यात पाणी, वर मीठ.
"समुद्रासारखं खारट," जुझेप्पे म्हणायचा
जहाजाच्या पोटातल्या त्या बिनखिडकीच्या भटारखान्यात.
आठ महिन्यांत एकदाही त्याने
समुद्र चाखला नव्हता.
मी दांड्याचा. मला माहीत होतं,
तेवढं मीठ घातलं तर घास तोंडात धरवणार नाही.
मी त्याच्या पावही घालायचो नाही.
तो चमचा ओठाला लावून डोळे मिटायचा: बरोब्बर, समुद्र!

स्पॅगेटी पातेल्यात उभी राहिली,
मग कंबरेत वाकली,
मग बसली.
नऊ मिनिटं. तेवढ्यात सगळं.

डुकराचं खारवलेलं मांस आमच्याकडे कुठलं?
डब्यात जवळा आहे,
गेल्या ऑक्टोबरच्या उन्हात पमाताईने वाळवलेला,
गुलाबी-करडा, चिमटीत धरला तर डोळे दिसतात.
चाळला, एक खडा निघाला, एक शिंपल्याची कपची.
आधी कोरड्या तव्यावर, मग तेल,
आणि वास उठला तसं
वरच्या डिमेलोंचं मांजर जिना उतरून
उंबऱ्यात येऊन बसलं, पाहुण्यासारखं.

तीन बलक, एक अख्खं अंडं.
चीजच्या दोन वड्या, चांदी सोलून.
मिरी खलबत्त्यात, जाडीभरडी.

किसणी हातात घेतली आणि थांबलो.
जुझेप्पेचा पहिला नियम: मासळीवर चीज नाही.
एका प्रवाशाने कोळंबीवर मागितलं
तेव्हा त्याने किसणी लॉकरमध्ये घालून
किल्ली खिशात टाकली होती, तीन दिवस.
आणि आमच्या आईचा: मासळीवर दूध नाही, अंगावर उठतं.
लग्नातही ती बासुंदीची वाटी पालथी घालायची.
दोघांची कधी भेट झाली नाही.
झाली असती तर एक शब्द न कळता
दोघांनी मान डोलावली असती
आणि मला मधे उभं करून हाणलं असतं.

किसलं.

गॅस बंद. सगळी मेख इथे आहे.
चालू ठेवलात तर भुर्जी,
फार वेळ थांबलात तर खळ.
वाटीभर ते पांढुरकं पाणी, त्यावर अंडं,
आणि चिमट्याने फिरवत राहायचं, फिरवत राहायचं,
हात भरून येतो, काही होत नाही, काही होत नाही,
आणि मग एकदम पिवळं चकाकतं
आणि एकेका दोऱ्याला धरून बसतं.
जवळा वरून.

"यो काय रं? शेवया?"
"शेवयाच."
"तिखट?"
"मिरी आहे."
ती उठली, मसाल्याची बाटली काढली, चिमूटभर भुरभुरवला.
जुझेप्पे, माफ कर. बरा लागला.
काटा बाजूला ठेवून तिने बोटांवर दोरे गुंडाळले,
जाळ्याचं सूत गुंडाळावं तसे, न बघता.

"फोन आला?" घास गालात ठेवून तिने विचारलं.
"आला."
"मंग?"
"गरम आहे तोवर खा. हे थांबत नाही."
तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे.
शनिवार. नऊ महिने.
भांडी घासताना सांगायचं ठरवलं होतं,
पाठ करून, नळ सोडून.

तिने ताटली बोटाने निपटली, बोट चाटलं,
तळाशी राहिलेला जवळा मांजराला टाकला.
"घट्ट कशानं झाला रं? दूध हाय काय यात?"

"नाही," मी म्हणालो,
आणि किसणी पाण्याखाली धरली.