टाचेपासून

पहिले तीन आठवडे मी त्याला चेंडू दिलाच नाही.

रास अल खैमा, पहाटे साडेचार. भट्टीची रात्रपाळी संपवून
मी थेट मैदानावर, बुटांवर पांढरी भुकटी तशीच,
आणि हा आधीच येऊन बसलेला, गुडघ्यांत मान घालून.
आखातावरून येणारी हवा इतकी ओली
की चष्मा पुसण्यात अर्थ नाही.

ऋत्विज बोडस. अठरा पूर्ण. क्वार्टरबॅक.
हा शब्द मला त्याच्या आईने जिन्यात शिकवला,
दुधाच्या पिशव्या सावरत. म्हणाली, तुम्ही भाला फेकायचात ना?
मग बघा जरा. पोरगं जेवत नाही.

पहिलाच मोसम, आठ सामने.
अकरा चेंडू त्याने शत्रूच्या हातात नेऊन दिले,
आडवा किती वेळा झाला ते त्याने मोजलंय, मला सांगत नाही.
क्लबचा लेबनीज कोच भला माणूस, पण घाईतला.
म्हणाला, खांदा कच्चा आहे.

मी हा खेळ कधी पाहिला नव्हता. व्हिडिओ पाहिले, आवाज बंद करून,
टाइलांच्या चळतीला टेकून, डबा खाताना.
आमच्याकडे टाइल तपासायची म्हणजे टिचकी मारायची.
चांगली खणखणते. आतून तडकलेली बद्द बोलते,
वरची झिलई कितीही देखणी असो.
मी मनातल्या मनात त्याच्या खांद्यावर टिचकी मारली,
कोपरावर, मनगटावर. सगळं खणखणीत.
बद्द वाजली ती उजवी टाच.

समोरून कुणी धावून आलं की ती मागे सरकायची,
अर्धा इंच, इंच,
आणि हात एकटाच पुढे निघायचा,
वऱ्हाड मागे रुसून बसलेल्या नवरदेवासारखा.

म्हणून चेंडू नाही. ओला टॉवेल.
टोक धर, फेक, सोडू नकोस, फटका ऐक.
आधी पाय, मग कंबर, मग छाती.
कोपराला फार भूक असते,
त्याला शेवटच्या पंगतीला बसव.
तो हसला. जुलैतलं पहिलं हसू.

मी एकदा बालेवाडीला अडुसष्ट मीटर फेकला होता.
पुढच्या वर्षी खांदा फाटला.
माझ्या टाचेकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही.
हे त्याला सांगितलेलं नाही.

चौथ्या आठवड्यात चेंडू. सोललेल्या नारळाएवढा,
दोन्ही टोकांना निमुळता, शेंडीऐवजी शिवण.
रिकाम्या मैदानावर पोरगं सुरेख फेकायचं.
रिकाम्या मैदानावर मीही अजून सुरेख फेकतो.

शेवटी घरून सोफ्याची उशी आणली.
पोटाशी धरली, आणि त्रेपन्न वर्षांचा, साखरेच्या गोळ्यांवरचा,
रात्रभर जागलेला मी त्याच्या अंगावर धावून गेलो. ओरडत.
काय ओरडलो आठवत नाही. मराठी होतं, छापण्यासारखं नव्हतं.
सरकला. पुन्हा. सरकला. पुन्हा.
फाटकाजवळचा पहारेकरी गुल जमान
चहाचा कप ठेवून भांडण सोडवायला धावला,
त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली.

नवव्या की दहाव्या वेळी
माझा श्वास त्याच्या तोंडाला लागला
तरी टाच मागे गेली नाही.
कंबर फिरली, कोपर आपल्या पाळीला उठलं,
मी उशीसकट आदळलो, दोघेही भुईसपाट,
त्यामुळे चेंडू कुठे गेला
ते आम्ही पाहिलंच नाही.
ऐकला फक्त. फडफड नव्हे, एक सरळ सूंऽऽ
आणि लांबवर तारेच्या जाळीत खण्ण.

बहुत दूर, उस्ताद, गुल जमान म्हणाला.

डोंगर दिसू लागले होते. खाणीकडे पहिले ट्रक निघाले.
ऋत्विजने मला हाताला धरून उठवलं,
माझ्या गुडघ्यांची वाळू झटकली.
ऑक्टोबरात काय होईल कुणास ठाऊक,
बाराव्या चेंडूलाही कुणीतरी टपलेलं असेलच.
तो म्हणाला, काका, उद्या याच वेळी.
आणि उशीचा अभ्रा धुऊन आणा हो. वास मारतो.